आधी वाढेल, मग थांबेल

सायमन सरांनी कुठल्या औषधाला चांगलं किंवा वाईट म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असे, "हे अंगात गेल्यावर जाऊन बसतं कुठे?" तापाची गोळी असो, तपकीर असो, नाहीतर केळीवर मारायची फवारणी असो, त्यांना आधी त्याचा पत्ता हवा असायचा. तो कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे, आणि तोवर समोरच्यालाही पडू देत नसत.

गोखिवऱ्याला लहान कारखान्यांच्या गाळ्यांसमोर माझा दवाखाना आहे. सर निवृत्त झाले आणि पुढच्याच सोमवारी सकाळी नऊला दवाखान्यात हजर झाले. रेल्वे रुळांपलीकडे पश्चिमेला असलेल्या आपल्या वाडीतून निघून, दोन वाहनं बदलून आले होते. मला वाटलं प्रकृती दाखवायला आलेत. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले, एक वाजता उठले आणि "येतो" म्हणून गेले. मंगळवारी पुन्हा आले. आठवड्याने मी धीर करून विचारलं, "सर, काही होतंय का तुम्हाला?"

"नाही. चाळीस वर्षं नऊ वाजता कुठेतरी असायचो. आता कुठे असायचं ते ठरवायला हवं होतं."

"मग ठरलं?"

"दिसतंय तसं."

त्यांना विरोध करण्याची माझी टाप नव्हती, कारण त्यांनी मला शिकवलं होतं. तसं कागदोपत्री ते कोणालाच शिकवत नव्हते. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहाय्यक होते, आणि पदवी त्यांच्याकडे कुठलीच नव्हती. प्रोफेसर फळ्यावर शिकवत, आम्हाला ते कळत नसे, मग आम्ही सरांकडे जात असू. काही वर्षांनी खुद्द प्रोफेसरही त्यांना सर म्हणायला लागले. पगारात मात्र त्याचा काही फरक पडला नाही. आम्हा पोराटोरांना ते पहिल्या दिवसापासून "डॉक्टर" म्हणत आणि अहोजाहो करत. त्यामुळे आम्ही जरा सरळ बसत असू.

तेव्हा बेडकांवर प्रयोग चालत. बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या नसेसकट काढायचा, खारट पाण्यात टांगायचा आणि नसेला विजेचा बारीक झटका द्यायचा. स्नायू आखडतो आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटते. मी साताऱ्याहून नुकती आलेली. बेडूक केव्हाच मेलेला आणि पाय उडतोय, हे बघून मी दोन पावलं मागे सरले. सर शेजारी येऊन म्हणाले, "घाबरू नका डॉक्टर. बेडूक मेलाय. पायाला अजून कळवलेलं नाही." मग नस आणि स्नायू यांच्यामध्ये जाऊन बसणारं औषध टाकायचं होतं, दोन थेंब. मी घाईत पाव पिपेट रिकामं केलं. रेघ एकदम सपाट झाली. सरांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "आता कळवलंत."

त्यानंतर अर्धा तास थांबून त्यांनी मला समजावलं. नस अजून हाका मारतेय. स्नायूही धडधाकट आहे. मधल्या दाराच्या कुलपात भलतीच किल्ली अडकून बसलीय, एवढंच. ती धुऊन काढली की दार पुन्हा उघडेल. आम्ही स्नायू धूत राहिलो आणि खरंच तो पुन्हा हलायला लागला. पुढे मी पुष्कळ पुस्तकं वाचली. नसांबद्दल मला जे काही ठामपणे कळलंय ते त्या संध्याकाळचं आहे.

त्यांच्या स्वतःच्या गावात सरांना फारसं कोणी ओळखत नसे. म्हणजे ओळखत सगळेच, पण "मुंबईला बेडूक सांभाळायला होता तो" अशी ओळख. ती बदलली चर्चमध्ये, एका रविवारच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनेत. फादर प्रवचन करत होते. सरांच्या शेजारी त्यांचा चुलतभाऊ इनास बसला होता, आणि तो रडत होता. साधंसुधं नाही. डोळ्यांतून धार, नाकातून धार, कपाळावर घाम. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. प्रवचन बापाला सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राचं होतं आणि इनासचा मोठा मुलगा घर सोडून गेलेला, त्यामुळे सगळ्यांनी तेच कारण धरलं. फादरांनीही प्रवचन जरा लांबवलं म्हणतात.

सरांनी इनासच्या हनुवटीला धरून त्याचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. सरांनी त्याला बखोटीला धरून उठवलं आणि भर प्रवचनात बाहेर नेलं. पटांगणात त्याचा इस्त्रीचा शर्ट उतरवला आणि बागेच्या नळीने त्याला साबण लावून आंघोळ घातली. इनासने पहाटे वांग्यांवर फवारणी केली होती, उघड्या हातांनी, आणि उशीर झाला म्हणून तसाच वरून शर्ट चढवून मिस्सेला आला होता. ते औषध नसांच्या टोकाशी जाऊन बसतं. नस जी चिठ्ठी पाठवते ती वाचून झाल्यावर फाडून टाकणारा एक नोकर शरीरात असतो, त्याचेच हात बांधून ठेवतं. मग जुन्याच चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या जातात. डोळे गळतच राहतात, तोंडाला पाणी सुटतच राहतं, आणि शेवटी श्वासाचा नंबर लागतो. रिक्षात घालून इनासला इस्पितळात नेलं आणि तो चार दिवसांनी घरी आला.

फादर जरा नाराज होते. सर त्यांना म्हणाले, "फादर, प्रवचन चांगलंच होतं. पण प्रवचनाने बाहुल्या बारीक होत नाहीत."

दवाखान्यातली त्यांची खुर्ची दाराशी होती, आणि दाराबाहेर लोक चपला काढत. सर माणसांआधी चपला बघायचे. कुठल्या बाजूने झिजलीय, कुठला अंगठा तुटलाय, कोण फरफटत येतं. एका सकाळी एक बाई आत आली आणि सरांनी तिला विचारलं, "बाय, दुसरी चप्पल कुठे आहे?"

तिने वळून पाहिलं. पायरीपाशी तिची एकच चप्पल होती. ती चकित झाली. सर उठून रस्त्यावर गेले आणि रिक्षा स्टँडपासून दुसरी चप्पल घेऊन आले. तिथपासून ती एका पायाने अनवाणी चालत आली होती, डांबरावरून, आणि तिला पत्ता नव्हता.

ही वनिता. चांदीप गावची, तिशीची. नवरा नाही, घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. गोखिवऱ्यात एका गाळ्यात बायकांच्या पर्स बनत, तिथे ती कामाला होती. ती माझीच पेशंट. पायाला मुंग्या येतात म्हणून महिनाभर मी तिला जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देत होते. तिला बरं वाटायचं, मलाही बरं वाटायचं. नसांना कोणी विचारलं नव्हतं.

सरांनी विचारलं. तिला डोळे मिटायला लावले आणि तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हळूच हलवला. "वर की खाली?"

"हलवा ना," वनिता म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते हलवतच होते.

मग पत्ता शोधणं सुरू झालं. पर्सला अस्तर चिकटवायचं तर गोंद लागतो आणि गोंद पातळ करायला एक पाण्यासारखं द्रव्य. डबा दिवसभर मध्ये उघडा, सात बायका भोवताली बसलेल्या. पंखा बंद, कारण वाऱ्याने ब्रशावरचा गोंद सुकतो. खिडकी बंद, कारण कबुतरं येतात. आणि जेवायच्या आधी सगळ्या त्याच द्रव्याने हात धुवायच्या, कारण साबणाने चिकटा जात नाही. मालकाला दोष द्यावा तर तोही तिथेच बसून डबा खायचा.

"ते श्वासातून जातं," सर मला सांगत होते. "तसं फार वाईट नाही. यकृताला वाटतं, हे आपण सुधारू. ते सुधारायला जातं आणि भलतंच करून ठेवतं. ते भलतंच मग नसांत जाऊन बसतं." नसेची पेशी असते पाठीच्या कण्याजवळ आणि तिचा धागा पार अंगठ्यापर्यंत. पेशीने माल पाठवायचा, धाग्यातून तो पोचायचा. वाटेत गुंता झाला की सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक आधी उपाशी मरतं. म्हणून आधी पाय, मग हात.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नसांची तपासणी झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी सरांच्याच निदानावर शिक्का मारला. यावर गोळी नाही. काम सोडायचं, हाच उपचार. वनिताचा चेहरा उतरला. घरात कमावणारी ती एकटी. ती सरांना म्हणाली, "सोडला तर पाय बरं होतील ना?"

"होतील," सर म्हणाले.

तिने नाताळच्या आठवड्यात काम सोडलं. ती गेल्यावर मी म्हटलं, "सर, सोडल्यावरही काही आठवडे वाढतच जातं ना हे?"

"वाढतं. जे धागे आतून कुजायला लागलेत, ते पुरते कुजून घेतात. दोन महिने, कधी तीन. मग थांबतं. मग नवे फुटतात, दिवसाला मिलीमीटर."

"तिला सांगितलं नाहीत तुम्ही."

"नाही."

मी आणखी काही विचारलं नाही. सांगायला माझीही जीभ काही कोणी धरून ठेवली नव्हती. सांगितलं तर ती काम सोडणार नाही असं त्यांना वाटलं, आणि मलाही तेच वाटलं. शिकलेली माणसं एकमेकांशी न बोलता असा कट करू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

जानेवारीत वनिताला ओट्यावर चढता येईना. फेब्रुवारीत तिच्या हातून तवा निसटला. एका सकाळी तिची सासू दवाखान्यात आली. बारीक, काळीसावळी म्हातारी, चांदीपहून एकटीच आलेली. ती बसली नाही.

"कामाव जायची तवा चालत व्हती," ती म्हणाली. "तुमी सांगितला सोड, सोडला. आता पानी आनायला उठवत नाय तिला. मालक बोलतो, जागा ठेवलीय. मी तिला उद्या परत धाडते. कामाव व्हती तेच बरा व्हता."

ऐकायला अगदी बिनतोड होतं. काम होतं तेव्हा पाय होते, काम गेलं आणि पाय गेले. मी घाईघाईने काहीतरी वैद्यकीय बोलायला लागले. सर खुर्चीवरून उठले. पेशंट समोर असताना ते उठलेले मी एकदाच पाहिले होते, चप्पल आणायला.

"मला माहीत होतं हे वाढणार," ते म्हणाले. "आधी वाढतं, मग थांबतं. मी तिला सांगितलं नाही."

म्हातारी एक पाऊल पुढे आली. "का नाय सांगितला?"

"भीती वाटली."

"भीती तुमाला?" ती म्हणाली. "पाय तर तिचं."

म्हातारीने विचारलं, अजून किती दिवस. सर म्हणाले, महिना. परत पाठवली तर? तर थांबणारच नाही. म्हातारीने पदर खोचला. "शिमग्यापर्यंत बगते," ती म्हणाली. "होली पेटली आनि तरी वाढतच असला, तर तुमचा ऐकनार नाय. मालकाचा ऐकन."

त्या दिवसापासून सर एक दिवसाआड चांदीपला जायला लागले. सत्तरीचा माणूस, बस, मग रस्त्यावरून गावापर्यंत पायी. तिथे जाऊन करायचे काय, तर वनिताला डोळे मिटायला लावायचे आणि पायावर कापसाचा बोळा फिरवत वर वर जायचं. जिथे तिला तो जाणवे तिथे बॉलपेनने रेघ मारायची. पहिल्यांदा ती घोट्याच्या वर चार बोटं होती. नंतर पोटरीच्या मध्यावर गेली. मग गुडघ्याखाली. सासू दारात उभी राहून रेघा बघायची. मुलगी आईला विचारायची, हे आजोबा तुझ्यावर का लिहितात. वनिता म्हणायची, "इचार त्यांनाच." तिने सरांशी बोलणं सोडलं होतं. पाय मात्र पुढे करायची.

दवाखान्यात सरांचा चहा आता गार होत असे. एकदा मी म्हटलं, सर, आपण बरोबर आहोत, पुस्तकात स्पष्ट दिलंय. ते म्हणाले, "पुस्तक चांदीपला राहत नाही, डॉक्टर."

होळीच्या पाच दिवस आधी ते दुपारी उशिरा आले. खुर्चीवर बसले. घामाने सगळा शर्ट ओला. मी पेशंट बाहेर बसवला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"परवा होती तिथेच आज आहे," सर म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मी रडले. मी सरळ रडले, मला कोणी विचारलं तरी चाललं असतं.

पुढचं सगळं हळू झालं. रेघ मे महिन्यात खाली सरकायला लागली. वनिता गावातच एका ताईंच्या खानावळीत भाकऱ्या करायला बसली, आधी थोड्या, मग जास्त. दिवाळीनंतर एके सकाळी ती दवाखान्यात आली, एकटी. पाय अजून जरा उंच उचलून टाकत होती, चिखलातून चालल्यासारखी. पण बस स्टॉपपासून चालत आली होती. सर खुर्चीवरच होते. ते म्हणाले, "बाय, मी तुला अर्धंच सांगितलं होतं. माझं चुकलं."

वनिता म्हणाली, "सगला सांगितला असता तरी सोडला असता मी."

एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे वळून खोकल्याचं औषध मागितलं. मला वाटतं चुकीबद्दल क्षमा मिळाली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिच्यावर विश्वास ठेवता आला असता आणि तो त्यांनी ठेवला नव्हता, हे त्यांना जड गेलं.

तेव्हापासून त्यांनी कुणाला काही अर्धं सांगितलं नाही. थोड्याच दिवसांनी त्याच गाळ्यातली शैला आली, तेच पाय घेऊन. सरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. काम सोड. सोडलंस की आधी वाढेल, कदाचित हातही जातील, दोन-तीन महिने. मग थांबेल. मग वर्षभरात परत येईल, सगळं येईलच असं नाही. शैलाने शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, सरांच्या पाया पडली आणि समोरचा रस्ता ओलांडून परत गाळ्यात कामाला जाऊन बसली. आठवडा झाला, दोन झाले, ती काही आली नाही. सर दारातून गाळ्याकडे बघत बसायचे. "खरं सांगितलं," ते एकदा म्हणाले. "तिने खरं ऐकलं आणि गेली." त्यांनी मालकालाही जाऊन सांगितलं होतं. त्याने पंखा लावला आणि ते वळल्यावर बंद केला. मी सरकारी कचेरीत अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे.

सर गेले त्याला आता वर्ष होईल. वाडीत, सकाळी, नऊ वाजायच्या आधी. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला मी गेले होते, पण मला ते शेवटचे आठवतात ते त्याच्या दोन आठवडे आधीचे.

मी दुपारी दवाखाना बंद करून बाहेर पडले, तर समोर गाळ्याच्या फाटकाशी सर उन्हात उभे. त्यांच्या हातात बायकांची लाल पर्स होती. ती त्यांनी छातीशी दोन्ही हातांनी धरली होती, कोणी ओढून नेईल अशी. येणारे-जाणारे हमाल त्यांच्याकडे बघत होते आणि सर कोणाकडेच बघत नव्हते.

मी रस्ता ओलांडून गेले. "सर, हे काय?"

"वनिताची आहे," ते म्हणाले. "ती आत गेलीय, शैलाशी बोलायला. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. म्हणाली, तुमी सांगितला ते झाला, आता मी पाय दाखवते."

फाटकातून आतलं काही दिसत नव्हतं. सरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"पाच मिनिटं दिली आहेत मी तिला. त्या हवेत जास्त नको," ते म्हणाले. मग फाटकाकडे बघत म्हणाले, "तिने सहा मिनिटं झाली तरी मी आत यायचं नाही असं सांगितलंय."

आणि ते पुन्हा पर्स धरून नीट उभे राहिले.